आम्ही बंद पाडलेली सहा टेबलं

एका बौद्ध म्हाताऱ्याला, त्याच्याच दारात बसून, त्याच्याच घरचा चहा पीत, "काका, संध्याकाळचं देवळात जाऊन बसत जा, भजनात मन रमतं," असा सल्ला मी एकदा दिलेला आहे. आज हे लिहिताना मला हसू येतंय आणि लाजही वाटतेय. तेव्हा दोन्ही आलं नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, काय छान बोललो आपण. माझ्या मागे उभ्या असलेल्या बचत गटाच्या सहा-सात बायकांनी माना डोलावल्या होत्या. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अजून घेनार का च्या?"

मी घेतला. दुसरा कप मुद्दाम घेतला. त्यांच्या वस्तीत जाऊन दोन-दोन कप चहा प्यायल्याचं मी नंतर घरी, गटात आणि माहेरच्या फोनवरसुद्धा सांगितलं, जणू पोहत जाऊन बेटावरून परत आले होते.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. म्हणजे अक्कल यायचं वय होऊन गेलं होतं आणि गुडघे दुखायचं वय आलं नव्हतं. त्यामुळे हिंडायला अंगात ताकद भरपूर, आणि थांबवायला काहीच नाही. नुकतीच बचत गटाची अध्यक्ष झाले होते. पापड लाटून लाटून कंटाळले होते. काहीतरी मोठं बंद पाडावं अशी फार इच्छा होती, आणि आमच्या गावात बंद पाडण्यासारखं एकच होतं.

कर्जतहून कशेळ्याकडे जाताना आमचा फाटा लागतो. फाट्यावर एसटीची शेड, शेडसमोर पंक्चरवाला, आणि त्याच्या बाजूला निळ्या रंगाची, पत्र्याच्या छपराची, खिडकीला जाळी लावलेली परमिट रूम. पाटीवर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण ते कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. सगळे तिला 'सहा टेबलं' म्हणायचे, कारण आत सहाच टेबलं होती आणि सातवं मावत नव्हतं. "कुटं निंगालास रं?" "टेबलावर." एवढ्यात सगळं कळायचं.

लायसन नवऱ्याच्या नावावर होतं, पण नवरा दम्याचा. तो बाहेरच्या बाकावर बसून श्वास घ्यायचं काम करायचा, आणि आतलं सगळं बायको बघायची. अंगानं सडसडीत, पदर खोचलेला, आवाज शाळेतल्या घंटेसारखा. तिचा नियम असा की तिसऱ्या ग्लासानंतर ती टेबलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. तांब्या आला की उठायचं. त्यावर अपील नव्हतं. सरपंचालाही तांब्या आला होता म्हणतात, आणि तोही उठला होता.

लावणीला माणसं कुणाकडे कधी, हे त्या टेबलांवर ठरायचं. कुणाला रक्त लागलं तर पहिला निरोप तिथे जायचा, कारण संध्याकाळी सहाला सगळे रक्तगट तिथे हजर असत. बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ पहिल्या आणि सहाव्या टेबलावर बसायचे. मधली चार टेबलं ओलांडून मालकीण इकडचा शब्द तिकडे पोचवायची, आणि पोचवताना त्यातल्या शिव्या गाळायची. गावात फ्रिज मोजके होते तेव्हा एका म्हातारीची साखरेची इंजेक्शनं सोड्याच्या बाटल्यांशेजारी राहत होती, आणि पोराला ताप चढला की बर्फ तिथूनच यायचा. आमच्या धाकट्याच्या कपाळावर मी स्वतः तो बर्फ ठेवलेला आहे. पण मोर्चाच्या दिवसांत मला तो आठवला नाही. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की तिथे दारू मिळते.

आता खरं कारण सांगते. गटात एक बाई होती, तिचा नवरा टेंपो चालवायचा. तो पिऊन येऊन तिला मारायचा. ती गटाच्या बैठकीत एकदा रडली, आणि तिचं रडणं खरं होतं. त्यात मी काडीचीही थट्टा करणार नाही. थट्टा माझी. कारण ती रडत असताना माझ्या डोळ्यांपुढे पेपरातला एक फोटो आला होता. कुठल्याशा गावच्या बायका, एका रंगाच्या साड्या, वळलेल्या मुठी, पुढे मध्यभागी अध्यक्षबाई. मी मनातल्या मनात साडीचा रंगही ठरवला. मोरपंखी.

आमच्या स्वतःच्या घरातली दारू म्हणजे सासरे. आमचे हे प्राथमिक शाळेत गुरुजी. ते सुपारीसुद्धा खात नाहीत. सासरे मात्र रोज संध्याकाळी सहाला पांढरा सदरा घालून टेबलावर जायचे आणि साडेसातला परत यायचे. घड्याळ लावावं तसे. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. रेल्वेतून निवृत्त होऊन वर्षं झाली होती आणि सासूबाई जाऊनही. दिवसभरात ते पाच-सहा शब्द बोलत. त्यातला एक 'च्या' आणि एक 'पेपर'. पण साडेसातला परत आले की पायरीवर बसून पंधरा मिनिटं बोलायचे. माझ्या हातच्या वालाच्या बिरड्याचं कौतुक करायचे. "असं बिरडं हिच्या सासूलाबी जमलं नाय," म्हणायचे. मी म्हणायचे, दारू बोलतेय, आणि दार लोटून घ्यायचे. आयुष्यात माझ्या स्वैपाकाचं जेवढं म्हणून कौतुक झालं, तेवढ्यावर मी स्वतः दार लोटलं.

त्यांच्याबरोबर टेबलावर असायचे ते काका. दोघांची नोकरी कर्जतला एकत्र झालेली. घाट चढायच्या गाड्यांना मागून रेटा द्यायला कर्जतला जी जादा इंजिनं जोडतात, ती जोडायचं दोघांचं काम. एकजण इंजिन आणि डब्याच्या मध्ये उतरून साखळी अडकवणार आणि दुसरा बाहेर झेंडी धरून उभा राहणार. मधल्याचा जीव झेंडीवाल्याच्या मनगटात. अशी त्यांची तीस वर्षं गेली. डबा एकत्र खायचे, हेही मी ऐकलं होतं. काका आमच्याच गावचे, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतले. मी त्यांना काका म्हणायचे. लांबून.

ते आमच्या घरी कधी आले नव्हते. म्हणजे आमच्या लग्नात आले होते, मांडवात खुर्चीवर बसले होते, आहेर दिला होता. नंदेच्या लग्नातही. पण उंबऱ्याच्या आत नाही. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. कुणी या म्हटलं नव्हतं. मला यात काही दिसत नव्हतं, कारण पंचवीस वर्षं रोज बघितलेली भिंत माणसाला दिसत नाही, त्यावरचं कॅलेंडर दिसतं.

तर बाटली आडवी करायची ठरलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावातल्या बायकांनी मागणी केली की सरकारी माणसं येऊन मतदान घेतात, मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहू दे म्हणणारीनं उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीनं आडवीवर.

आमच्याकडे पुष्कळ म्हाताऱ्यांनी आयुष्यात पंजा, कमळ, शिट्टी असल्या गोष्टींवर शिक्का मारला होता, पण पडलेल्या वस्तूवर कधी मारला नव्हता. म्हणून मी शिकवण्या घेतल्या. शिकवायला बाटली हवी. आम्ही सगळ्या सोवळ्या, रिकामी बाटली कुणाच्याच घरात नाही, निदान कबूल करण्यासारखी. शेवटी मीच गेले सहा टेबलांच्या मागच्या दारी, मालकिणीकडे मागायला.

"कशाला पाह्यजे, वयनी?" तिनं विचारलं.

"शिकवायला." माझी मान वर होती.

तिनं एक बाटली राखेनं घासली, पाण्याखाली धरली, लेबल खरवडून काढलं. "एकच पुरंल? का दोन देऊ, एक हुभी न् एक आडवी?"

मी दोन घेऊन आले. सभेला खुर्च्याही तिच्याच आणल्या, लाल प्लास्टिकच्या, कारण गावात तेवढ्या खुर्च्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. ज्या खुर्चीवर उभं राहून मी त्या जागेला गावाचा कलंक म्हटलं, ती खुर्ची त्या कलंकाचीच होती.

सभेत एक आजीबाई सारखी हात वर करायची. "मला सांग गं, हुभी बाटली सांडत नाय. आडवी सांडते. मग आडवीवर कशाला मारायचा ठप्पा? नुसकान नाय का?"

"आजी, सांडायचीच आहे."

"मग भरली कशाला?"

यावर मी घोषणा दिली.

याच प्रचारात मी ओढा ओलांडून वस्तीत गेले आणि काकांच्या दारात तो चहा प्याले. काकांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी दारूची बाजू घेतली नाही की आमची घेतली नाही. फक्त एवढंच विचारलं, "बंद झाल्यावर आमी दोगांनी बसायचं कुटं?" आणि मी म्हटलं, देवळात.

त्यांना विहार होता, आमच्या सासऱ्यांना देऊळ होतं. दोघांना मिळून सहा टेबलं होती. हे वाक्य मला सुचायला पुढे सात-आठ महिने लागले, तोवर त्याचा उपयोग संपला होता.

मतदान आमच्या ह्यांच्या शाळेत झालं. रांगेत मालकीणही होती. तीही गावची मतदार, तीही बाई. तिच्याजवळ जाताना सगळ्यांनी आवाज खाली केले. तिनं मात्र माझ्या मोरपंखी साडीचा काठ चिमटीत धरून पाहिला, म्हणाली, "रंग जानार न्हाय ना?" आणि शिक्का मारून आली. संध्याकाळी निकाल लागला. आम्ही जिंकलो. गुलाल उडाला, फोटो निघाला, मध्यभागी मी, मूठ वळलेली, तोंड उघडं. ते कात्रण माझ्या नातीनं परवाच प्लास्टिकमध्ये घालून आणलं. तिच्या मैत्रिणींना दाखवते, माझी आजी बघा. त्या फोटोत मागच्या बाजूला, नाचणाऱ्या बायकांच्या खांद्यांमधून, मालकीण खुर्च्या एकात एक घालताना दिसते. फोटोवाल्यानं तिला कापायला हवं होतं.

सरकारी कागद यायला थोडे दिवस लागले. मग एक दिवस कुलपावर लाखेचं सील आलं, आणि गाव सुधारलं असं मी जाहीर केलं.

टेंपोवाला टेंपो घेऊन चौक गावाला, हायवेवरच्या ढाब्यावर जाऊ लागला. तिथे कुणी तांब्या आणून ठेवणारं नव्हतं. त्याची बायको एकदा विहिरीवर भेटली. मी तिला अध्यक्षांच्या सुरात विचारलं, काय, बरं आहे ना आता? ती म्हणाली, "आदी फाट्यावर पायी जाऊन त्याला आनत व्हते ताई, आता आनायला जीप करावी लागते." मी म्हटलं, आपण चौकचाही ढाबा बंद पाडू. ती पाणी घेऊन निघून गेली. पुढे तिनं नवरा सोडला आणि माहेरी राहिली. त्यात माझं किंवा बाटलीचं काही श्रेय नाही. जे केलं ते तिनं एकटीनं केलं.

इकडे आमच्या घरी संध्याकाळी सहा वाजले की सासरे सदरा घालायचे. घालून खुर्चीत बसायचे. आम्ही बायका मालिका बघत असू. ते पहिले आठ दिवस विचारत होते, "ही कुनाची सून?" आम्ही सांगायचो. दुसऱ्या दिवशी तेच. मग त्यांनी विचारणं सोडलं. मग सदरा घालणंही सोडलं. मला वाटलं, बघा, माणूस निवळला. दारू सुटली की चेहऱ्यावर कशी शांती येते, असं मी गटात सांगितलं. प्रत्यक्षात ते नुसते गप्प झाले होते. पायरीवरची पंधरा मिनिटं गेली ती गेलीच. बिरडं केलं तरी, नाही केलं तरी, ताट सारखंच रिकामं करून उठायचे.

मग ते पुन्हा बाहेर पडू लागले. मी हेरगिरी केली नाही असं म्हणणार होते, पण केली. कळलं की दोघं एसटीच्या शेडमध्ये बसतात. बाकाच्या एका टोकाला हे, एका टोकाला काका, मध्ये कुणाची तरी भाजीची पिशवी. दारू नाही, काही नाही. नुसतं बसायचं. पण शेड ती शेड. कशेळ्याची जीप आली की लोक म्हणायचे, सरका आजोबा, कुठं जायचंय? जायचं कुठेच नसलेल्या माणसाला बस थांब्यावर किती वेळ बसता येतं? त्यात जुलै लागला. शेडचं छप्पर मधोमध गळायचं, आणि शेळ्या दोन्ही बाजूंनी आत घुसायच्या. सासरे एक दिवस भिजून आले, आणि तापानं पडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका आले. अंगणात, कपड्यांच्या रिकाम्या दोरीच्या बाजूला, छत्री धरून उभे. "गडी दिसला नाय तीन दिस. बरा हाय ना?"

मी लगबगीनं चहा टाकला. लगबग मला नेहमीच चांगली जमते. गटाच्या बैठकांसाठी कागदी कपांचं एक पाकीट फडताळात होतं. हात त्या पाकिटाकडे गेला. मी शपथेवर सांगते, मी ठरवून काही केलं नाही. हात गेला. त्याला रस्ता पाठ होता. काकांना कागदी कपात चहा दिला, अंगणात, छत्रीखाली, आणि वर म्हटलं, "या की पडवीत, भिजाल."

सासरे चादर गुंडाळून बाहेर आले आणि पायरीवर बसले. मी त्यांचा स्टीलचा पेला भरून आणला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, काकांच्या हाताकडे पाहिलं.

"मलाबी तसल्यातच दे," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांत ते माझ्याशी एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते. मला वाटलं, तापातला माणूस, लहर लागली असेल. मी पेल्यातला चहा कागदी कपात ओतून दिला. दोघं चहा प्याले. काका कप चुरगळून सदऱ्याच्या खिशात घालून घेऊन गेले, आमच्या अंगणात टाकलासुद्धा नाही.

मग मी भांडी घासायला बसले, आणि त्यात काकांचं उष्टं भांडंच नव्हतं. तिथे मला ते समजलं. ओढ्यापलीकडे त्यांच्या घरी मी दोन कप चहा प्याले होते तो चिनी मातीच्या कपातून, कपाटातून काढून पुसून दिलेल्या. आणि त्या कपाला तोंड लावून मी त्यांना सांगितलं होतं, देवळात जाऊन बसा. मी तशीच उठले आणि फाट्यावर गेले.

मालकीण सील लागलेल्या दाराशेजारी पडवीत भाकऱ्या थापत होती. आता ती राइसप्लेट विकायची. नवरा बाकावर आपलं श्वासाचं काम करत होता. मी तिला विचारलं, "आमचे बाबा आणि काका, ते काय करायचे गं इथे?"

"काय करनार? बसायचे." तिनं भाकरी उलटली. "तिसऱ्या टेबलावर. मी चकन्याच्या दोन ताटल्या द्यायचे, तर एक परत धाडायचे. एकच पुरंल म्हनायचे. तीस वर्साची सवय असंल. बोलायला लागले की पोरं ग्लास सोडून ऐकायची. कुटल्या गाडीची साखळी कुटं तुटली, न् कोन कुटं वाचला."

"मग आता कुठं बसतील ते?"

"ते तुमी मला इचारता, वयनी?"

मग तीच म्हणाली, "घरी बोलवा की."

"येतील?"

"कदी बोलवलंय का?"

मी म्हटलं, निदान ते जुने दोन ग्लास तरी दे, त्यांना बरं वाटेल. "ग्लास नाय द्यायची मी," ती म्हणाली. "मोडलंत तुमी, मांडा बी तुमीच." पण शेंगदाण्यांना तिखटमीठ कसं लावायचं, कांदा किती बारीक चिरायचा आणि तांब्या कधी न्यायचा, हे तिनं भाकऱ्या संपेपर्यंत सांगितलं.

सासरे बरे झाल्यावर मी आमच्या ह्यांना कर्जतला बाटली आणायला पाठवलं. दारूबंदीच्या अध्यक्षांचा नवरा, त्यात गुरुजी. ते हेल्मेट घालून दुकानात शिरले आणि हेल्मेटची काच खाली ठेवूनच कुजबुजले. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, काच वर करा, ऐकू येत नाय. आन् आत पाऊस नाय हो." वर त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. घरी येऊन उलगडलं, तर तालुक्याच्या बातम्यांचं पान. मी उगीचच माझा फोटो शोधला.

ओढा ओलांडून काकांकडे मी एकटीच गेले. या वेळी बायका नाहीत, घोषणा नाहीत. म्हटलं, आज संध्याकाळी आमच्याकडे या. बाबा एकटे पडलेत.

"अंगनात का आत?" काकांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात, कशेळ्याची गाडी किती वाजता आहे असं विचारावं तसं.

"आत," मी म्हटलं. माझा आवाज मात्र साधा राहिला नाही.

ते आले. इस्त्रीचा सदरा, पायात नव्या चपला. चप्पल काढताना शेजारीण कुंपणावरून कान देऊन उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले. ती आत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस ताक न्यायला आली नाही. सासरे दारात उभे होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, जसे काही कुणीतरी झेंडी दाखवायची बाकी आहे. मग सासरे बाजूला झाले आणि काका उंबरा ओलांडून आत आले. स्वैपाकघराशेजारी आमचं चार खुर्च्यांचं टेबल आहे, तिथे बसले.

मी ओतलं. हो, मीच. मोजून, मालकिणीनं सांगितलं तसं. दोन ताटल्यांत शेंगदाणे आणि तळलेले बोंबील दिले. सासऱ्यांनी एक ताटली माझ्याकडे सरकवली, "एकच पुरंल."

आणि मग ते बोलायला लागले. मी ओट्याशी पाठ करून उभी होते, पण कान टेबलावर. रात्रपाळीत मालगाडीखाली सापडलेलं कुत्रं. झेंडी पडली तेव्हा काकांनी लाल गंजिफ्रॉक काढून हलवला आणि पुढे आठवडाभर साहेब त्यांना तोच घाल म्हणून चिडवायचा. सासरे हसले. त्यांचं हसणं मी घरात कधी ऐकलंच नव्हतं. ते फाट्यावर राहायचं. आमचे हे दाराआडून ऐकत होते, डोळे पुसत होते, आणि हेल्मेट अजून हातातच होतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी बैठक होऊ लागली. सासरे जाईपर्यंत चालली, चार वर्षं. आज आमच्या गावाभोवती इतके फार्महाऊस झालेत, प्रत्येकाला निळा हौद, आणि शनिवारी मुंबईच्या गाड्यांच्या डिकीतून जेवढी दारू उतरते तेवढी सहा टेबलांनी वर्षात पाहिली नसेल. ती बाटली आडवी करायला आमच्या गटाला मत नाही. सील लागलेली निळी खोली आता प्लॉट विकणाऱ्याचं ऑफिस आहे.

पण मला त्या पहिल्या संध्याकाळचंच सांगायचं आहे. साडेसात वाजले. मी पाण्याचा तांब्या नेऊन टेबलावर ठेवला. दोघांनी तांब्याकडे पाहिलं आणि ग्लास बाजूला केले. सासरे हात धुवायला मोरीत गेले. काका एकटे होते. आता मला राहवेना. एवढं सगळं केलं, शेजारीण तोडली, नवऱ्याला हेल्मेट घालून धाडलं, स्वतःच्या हातानं ओतलं. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी पदराला हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "काय काका, बरं वाटलं ना? अगदी टेबलावरच्यासारखंच झालं की नाही?"

काकांनी ताटलीतला शेवटचा शेंगदाणा उचलला, खाल्ला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोंबील झकास झालाय, सुनबाय, त्याला नाव ठेवनार नाय. पर तितं मी माज्या पैशानं बसायचो. हितं तू बसीवलंस म्हून बसलोय."